भिंतीकडे तोंड करून बसलेली कर्णधार

चामराजपेट, बंगळूर

प्रिय चंपा,

हे संबोधन वाचून तू दचकशील, ह्याची मला कल्पना आहे. चाळीस वर्षांच्या संसारात मी तुला ह्या नावाने एकदाही हाक मारली नाही. बोलवावयाचे झाले की 'अगं' म्हणावे आणि परगावाहून पत्र लिहावयाचे झाले की 'चि. सौ. वैजयंती हीस' असा मायना घालावा, एवढेच मला येत होते. आज मात्र मला जिला लिहावयाचे आहे ती चंपाच आहे. वैजयंती नावाच्या बाईची आणि माझी नीटशी ओळख होती की नाही, ह्याविषयीच मला आता शंका वाटू लागली आहे.

पत्राचे कारण सांगतो. तुझे वर्षश्राद्ध होऊन आठवडाच झाला असेल. परवा सायंकाळी तुझ्या संघातल्या शारदा आणि नीता घरी आल्या. पायरीवर चपला काढता काढताच नीताने विषय काढला. ती पुण्याहून येऊन आता सहा वर्षे झाली. नवरा अजूनही रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो, आणि तिची मराठी अजूनही तशीच आहे.

"काका, अक्कांच्या नावानं एक दिवसाच्या मॅचेस ठेवतोय. आठ टीम्स ऑलरेडी कन्फर्म आहेत. ओपनिंगला तुम्ही बोलायचं. फक्त पाच मिनिटं, प्लीज."

"पाच म्हणजे पाचच हं," शारदा म्हणाली. "तुम्ही सुरू झाला की संधी-समास सोडवत बसता. तिकडं बायका उन्हात उभ्या असतात की!"

"आणि ती पहिली टूर्नामेंट सांगाच काका. फॉर्मचा घोळ झाला, तेव्हा अक्का कशा उभ्या राहिल्या ते..."

"ते राहू दे गं," शारदेने तिला कोपराने ढोसले. "त्यांना काय सांगायचं ते सांगतील."

मी 'बरे' म्हणालो. त्या गेल्यावर कागद घेऊन बसलो आणि एक ओळही लिहिता येईना! तुझी स्तुती करावयाची, तीही त्याच दिवसाची, आणि जे खरे ते गाळून करावयाची? तो अर्ज मी चुकविला होता, चंपा. हे तुला ठाऊक होते. परंतु 'चूक माझी' हे दोन शब्द मी तुझ्यासमोर एकदाही उच्चारले नाहीत. लोकांसमोर तुझ्याविषयी बोलण्यापूर्वी ते तुझ्यापाशी बोलणे भाग आहे. एवढ्यासाठी हे पत्र.

पाच वर्षांपूर्वीची ती सकाळ तुला आठवते का? मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि तू स्वयंपाकघरातून, जणू दूध नासल्याची बातमी द्यावी तशा स्वरात म्हणालीस, "अहो, आम्ही थ्रोबॉलची टीम काढतोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आम्ही. मंडळातल्या. शारदा, गोदू, कुसा, मागच्या गल्लीतली ती नवी पुण्याची नीता. नऊ जणी झाल्या. दरवर्षी हळदीकुंकू, उखाणे, रांगोळी. कंटाळा आला बाई! जे. पी. नगरला महिला मंडळांच्या मॅचेस आहेत. जाणार आम्ही."

"आणि कर्णधार कोण?"

"मी की!"

"चौपन्नाव्या वर्षी?"

"बॉलला कुठं वय कळतं?"

ह्या गावातल्या बहुतेक मुलींप्रमाणे तूही शाळेत थ्रोबॉल खेळत होतीस, हे मला लग्नानंतर छत्तीस वर्षांनी, त्या सकाळी कळले! अठराव्या वर्षी तू ह्या घरात आलीस आणि तो चेंडू माहेरीच राहिला. मी कधी विचारले नाही. विचारावयास हवे होते, नाही का?

माझी सवय तुला ठाऊकच आहे. मी त्याच दिवशी नियमांची पुस्तिका मिळविली आणि तुमचा स्वयंघोषित व्यवस्थापक झालो. पलीकडून आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलावयाचा; तीन सेकंदांच्या आत एका हाताने, खांद्याच्या वरून, जाळीपार फेकावयाचा; अंगाला लागला की गुण गेला. हे सारे मी तुम्हा नऊजणींना भिंतीशी उभ्या करून समजावून सांगितले. सर्व्हिसला मी 'आरंभफेक' म्हणालो, तेव्हा गोदूला इतके हसू आले की ती खाली बसली.

संघाचे नाव मी 'विजिगीषा' सुचविले होते.

"अहो, हे नाव ओरडून होईपर्यंत बॉल खाली पडेल," तू म्हणालीस. मग कोणीच नाव ठेवले नाही आणि सगळे चामराजपेट तुम्हांला 'अक्कांची टीम' म्हणू लागले. हे नाव माझ्या नावापेक्षा चांगले होते. आज कबूल करतो.

मी ज्या शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविले, तिथले मैदान तू स्वतः जाऊन मागून आणलेस. मुख्याध्यापकांना मी अर्ज लिहिणार होतो; मायन्यावर विचार करीत होतो. तू डब्यात चकल्या घेऊन गेलीस आणि अर्ध्या तासात किल्ली घेऊन परत आलीस! दुपारी तीन ते साडेचार, म्हणजे जेवणाची भांडी आवरल्यानंतर आणि मुले शाळेतून परतण्यापूर्वी, तुमचा सराव चाले. पदर खोचलेले, निऱ्या घोट्याच्या वर, आणि सगळ्यांत पुढे तू, पांढऱ्या केसांचा अंबाडा घट्ट बांधून.

पुस्तिकेत एक नियम होता: हातांत बांगड्या नकोत. हा नियम वाचून दाखविल्यावर चारजणींनी सरळ घरचा रस्ता धरला. सवाष्ण बाईने भरल्या हातांतून बांगड्या उतरवून खेळावयास जायचे? गोदूची सासू तर म्हणाली होती, "उतरवायच्या असतील तर तिकडंच राहा."

मी नियमावर बोट ठेवून बसलो. तू काय केलेस? माझे जुने धोतर फाडलेस. त्याच्या चार बोटे रुंद पट्ट्या काढल्यास आणि प्रत्येकीच्या मनगटावर, बांगड्यांच्या वरून, घट्ट गुंडाळल्यास. बांगडी हातातही राहिली आणि कोणाला लागण्याची भीतीही उरली नाही. पंचांनाही पुढे ते मान्य झाले.

"माझे धोतर! विचारावयाचे तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. मग मला चोरावं लागलं असतं," तू म्हणालीस.

आणि गोदूचे काय! चेंडू येताना दिसला की ती डोळे मिटून मान फिरवी. मी तिला म्हणालो, "डोळे उघडे ठेवल्याखेरीज झेल घेता येणार नाही, हे तर्कशास्त्र आहे." ती रडकुंडीला आली. तू तिला भिंतीशी नेलेस. आधी जुन्या साडीचा गोळा, मग रबरी चेंडू, मग खरा चेंडू, असे आठ दिवस तिच्या दिशेने हलकेच फेकत राहिलीस. "डोळे मीट हवं तर," तू तिला सांगत होतीस, "पण हात उघडे ठेव. येतो तो आपणहून हातात." तीस वर्षे अध्यापन केलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला हे वाक्य कधी सुचले नाही. मुलांच्या भीतीला मी नेहमी चूकच समजत आलो.

आता अर्ज.

तू मला एक चिठ्ठी दिली होतीस. दिनदर्शिकेच्या पानामागे, पेन्सिलीने लिहिलेली नऊ नावे. चंपा, शारदा, गोदू, कुसा अशी. नीताने लग्नानंतरही माहेरचे आडनाव ठेवले होते, तेही तसेच लिहिलेले. "जसं आहे तसंच उतरवा हं," तू बजावलेस. "शहाणपणा नको."

मी शहाणपणा केला. बाहेरच्या मंडळींकडे जाणारा अर्ज, आणि त्यात गोदू, कुसा? मला ते अप्रशस्त वाटले. आपल्या जुन्या घरांतली रीत तुला सांगावयास नको: लग्नात मुलीचे नाव बदलावयाचे, नवऱ्याने ते तबकातल्या तांदळांत अंगठीने लिहावयाचे. आणि पुढे? पुढे ते नाव बहुधा त्या तांदळांतच राहते. हाका मारणारे माहेरच्याच नावाने मारतात. पण मंडळाच्या वहीत मी ती सगळी लग्नातली नावे टिपून ठेवली होती. ती वही काढली आणि कन्नडमधला तो अर्ज माझ्या उत्तमोत्तम अक्षरात भरला. शारदेची सौ. इंदुमती झाली. गोदूची सौ. अन्नपूर्णा. कुसाची सौ. पद्मावती. नीताला मी तिच्या नवऱ्याचे आडनाव बहाल केले. आणि कर्णधार: सौ. वैजयंती.

कोणाला विचारले? कोणालाही नाही. तू पुऱ्यांची कणीक मळत होतीस. मी कागद पुढे धरला, तू हात पुसून सही केलीस. "वाचून घे," असेही मी म्हणालो नाही. मी लिहिलेल्या कागदात चूक असू शकते, हे आपल्या घरात कोणाच्या मनात येण्याची पद्धतच नव्हती.

जे. पी. नगरच्या त्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, कापडी मांडव होता आणि ध्वनिक्षेपकावर कोणीतरी सारखे 'वन टू थ्री' म्हणत होते. आदल्या वर्षी एका मंडळाने आपल्या बायकांच्या नावांवर महाविद्यालयातल्या मुली आणून खेळविल्या होत्या. त्यामुळे ह्या खेपेस टेबलाशी पांढरी टोपी घातलेल्या एक करारी बाई बसल्या होत्या आणि प्रत्येक संघाची नावे अर्जाशी ताडून पाहत होत्या.

"वैजयंती?" त्यांनी पुकारले.

कोणीही हलले नाही. तूसुद्धा नाही!

"इंदुमती? अन्नपूर्णा?"

गोदूने मागे वळून पाहिले की ही अन्नपूर्णा कोण. त्यांच्या हाती तू सामन्यासाठी वेगळी दिलेली यादी होती, आणि तिच्यात चंपा, शारदा, गोदू. नऊपैकी दोन नावे जुळत होती. टोपीवाल्या बाईंनी माझा अर्ज दोन्ही हातांनी उंच धरला आणि कन्नडमध्ये विचारले, "इदन्न यारु बरेदिद्दु?" हा कोणी लिहिला?

मी तुझ्या मागे दोन पावलांवर उभा होतो. काखेत धारिका होती. तू अर्जाकडे पाहिलेस. मग क्षणभर, फार तर पापणी लवण्याइतका वेळ, मागे वळून माझ्याकडे पाहिलेस. माझे तोंड उघडे होते, चंपा. शब्द आला नाही.

"नाने," तू म्हणालीस. मीच.

त्यांनी संघ बाद केल्याचे सांगितले. कुसा रडू लागली. तू टेबलावर दोन्ही हात टेकलेस आणि आवाज न चढविता बोललीस: ह्या बायकांनी महिनाभर घरचे सगळे उरकून उन्हात सराव केला आहे, चूक कागदाची आहे, त्यांची नव्हे, कागदावर सही माझी आहे, शिक्षा करावयाची तर मला करा, ह्यांना खेळू द्या. इतक्यात तुमच्याशी पहिला सामना खेळावयाचा होता त्या संघाची कर्णधार राजम्मा, ती मार्केटाजवळची ठेंगणी बाई, पुढे आली. "ह्याच आहेत त्या," ती टोपीवाल्या बाईंना म्हणाली. "वीस वर्षं मार्केटात कोथिंबिरीवरून भांडतेय मी ह्या चंपाक्काशी. आणि कॉलेजच्या पोरी अशा दिसतात का? नीट बघा की!"

सगळे हसले आणि ताण सैल झाला. निर्णय असा झाला की संघ खेळेल. मात्र चुकीचा अर्ज सादर करणारी कर्णधार पहिला सामना खेळणार नाही आणि बाहेरून सूचनाही देणार नाही. बाद पद्धतीची स्पर्धा! पहिला सामना गेला असता, तर छत्तीस वर्षांनी हाती आलेला तो चेंडू तुला त्या मैदानावर एकदाही फेकता आला नसता. एक पाऊल पुढे टाकून 'हे अक्षर माझे आहे' एवढेच म्हणावयाचे होते. मी का म्हणालो नाही? महिनाभर सगळ्यांना नियम शिकविले होते. बघ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी, आपल्या बायकांना घेऊन आलेले, उभे होते. ज्याने त्यांच्या वह्यांवर आयुष्यभर तांबड्या रेघा ओढल्या, त्याच्याच कागदावर रेघ ओढली जाताना त्यांनी पाहावे, हे मला सहन झाले नसते. म्हणून तुझ्यावर ओढू दिली. ह्यापेक्षा सभ्य कारण माझ्यापाशी नाही.

तू मैदानाच्या कोपऱ्यात बाकीच्या आठजणींना गोल उभ्या केलेस, काहीतरी बोललीस, चेंडू शारदेच्या हाती दिलास आणि येऊन माझ्या शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसलीस.

सामना सुरू झाला आणि एक निराळीच अडचण उभी राहिली. प्रत्येक गुणानंतर सातही जणी तुझ्याकडे बघत! तू बोट हलवीत नव्हतीस, पण त्या बघत. आणि बघता बघता पुढचा चेंडू येऊन पडे. पंचांनी शिट्टी वाजवून ताकीद दिली: पुन्हा बाहेरून खूण झाली तर गुण जाईल. तेव्हा तू उठलीस, खुर्ची उचललीस, उलटी फिरविलीस आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसलीस. ज्या सामन्यासाठी महिनाभर जिवाचे रान केले, त्याच्याकडे पाठ! त्यांनी तुझ्याकडे बघू नये म्हणून तू त्यांच्याकडे बघणे सोडलेस. नेतृत्वावर मी शाळेत कितीतरी निबंध लिहून घेतले असतील. हे एकातही नव्हते.

मग तू भिंतीकडे बघत आणि मी मैदानाकडे बघत, असे आपण बसलो. सूचना त्यांना द्यावयाची नव्हती. मी तुला आकडा सांगण्यास काही हरकत नव्हती.

"किती?" तू हळूच विचारलेस.

"सात-नऊ."

"नऊ कोण?"

"ते."

"गोदूकडं गेला का?"

"गेला."

"सोडला?"

"नाही. झेलला."

"डोळे?"

"मिटलेले."

तुझे खांदे हसण्याने गदगदले. पहिला डाव गेला, दुसरा आला. तिसऱ्यात तेरा-तेरा झाले, तेव्हा मी आकडा सांगावयाचे विसरलो. तू भिंतीला विचारल्यासारखे दोनदा विचारलेस, "अहो, किती?" शारदेची फेक राजम्माच्या खांद्याला लागून खाली पडली, आणि पुढच्याच चेंडूवर पलीकडच्या दोघीजणी एकमेकींवर आपटल्या. आरडाओरडा झाला. तू वळली नाहीस. "कोण?" एवढेच म्हणालीस.

"आपण," मी म्हणालो.

आपण! त्या शब्दावर माझा काय अधिकार होता? तासभर आपण दोघे शेजारी बसलो होतो, इतके जवळ की तुझ्या पदराला येणारा वेखंडाचा वास मला येत होता. ऐकणारे दुसरे कोणी नव्हते. तेव्हाही मी तुला केवळ आकडे सांगितले.

दुसरा सामना तू खेळलीस. समोर एका बँकेतल्या तरुण मुली होत्या, उंच आणि सरावलेल्या. तुम्ही सरळ दोन डावांत हरलात. पण मी त्या दिवशी प्रथमच तुझी फेक पाहिली, चंपा. उजवा हात खांद्यामागे गेला, कंबर किंचित वळली, आणि चेंडू जाळीला चाटून असा कोपऱ्यात उतरला की त्या मुलींनी टाळ्या वाजविल्या. अठरा वर्षांची ती मुलगी मी कधी पाहिलीच नव्हती. ती आमच्या घरात भाकऱ्या थापत होती आणि मी तिची क्रियापदे सुधारीत होतो!

दुसऱ्या डावात तुम्ही नऊ-बारा असे मागे होता, तेव्हा तू हात वर केलास आणि स्वतः बाहेर आलीस. दोघीजणी राखीव होत्या, त्यांतली कुसा दिवसभर नुसती बसून होती. तू तिला आत ढकललेस. मी चकित झालो. "अगं, आत्ता तर कुठे तुला खेळावयास मिळाले!"

"ती महिनाभर आली हो," तू म्हणालीस, "बॉलला हात न लावता घरी कशी जाईल?"

आणि आता जी गोष्ट सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते, ती. परतीच्या बसमध्ये तुम्ही चित्रान्नाचे डबे उघडले होते. हरूनही सगळ्या हसत होत्या. मी पुढच्या आसनावरून मागे वळलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तुला म्हणालो, "पुढच्या खेपेस अर्ज सादर करण्यापूर्वी नीट तपासून पाहत जा."

बस एकदम गप्प झाली. मला वाटले, माझे म्हणणे सर्वांना पटले.

तू माझ्याकडे पाहिलेस. "सरी," बरे, एवढेच म्हणालीस, आणि माझ्या हातावर चित्रान्नाचा घास ठेवलास.

का गं रागावली नाहीस? चार शब्द सुनावले असतेस तर मी तिथेच मोडून पडलो असतो, आणि बरे झाले असते. तुझ्यावर माझी तक्रार असेल तर ही एवढीच. चुकणाऱ्याला चुकण्याची इतकी सवलत देऊ नये. पुढे तीन वर्षे तू संघ चालविलास, दुसऱ्या वर्षी उपान्त्य फेरीपर्यंत नेलास, अर्ज स्वतः भरलेस. वेडेवाकडे अक्षर, पण नावे खरी. मी ते अर्ज कधी मागितले नाहीत, तू कधी दाखविले नाहीस. मग गेल्या वर्षी तुझे हृदय, ज्याच्याविषयी तू कधी तक्रार केली नव्हतीस, एका दुपारी थांबले, आणि सांगावयाचे राहून गेले.

येथवर लिहून मी कागद दोन दिवस बाजूला ठेवला होता. आज सकाळी शारदा पुन्हा आली. "भाषण झालं का लिहून?" तिने दारातूनच विचारले. मी तिला बसविले. म्हटले, भाषणाच्या आधी तुला एक सांगावयाचे आहे, आणि सांगितले. तो अर्ज मी भरला होता. तू नव्हे.

तिने चहाची बशी खाली ठेवली. "काका," ती म्हणाली, "ते आम्हांला तेव्हाच कळलं की."

"तेव्हाच? कसे?"

"त्या बाईनं फॉर्म असा वर नाही का धरला? हळदीकुंकवाची चिठ्ठी वीस वर्षं तुमच्या अक्षरात येते. आंधळीलासुद्धा कळलं असतं."

"मग कोणी बोलले का नाही?"

"अक्कानं बोलू दिलं नाही. मॅचच्या आधी गोल करून उभं केलं ना आम्हांला, तेव्हा खेळाचं एक अक्षर नाही बोलली. म्हणाली, 'ह्यांची चूक ह्यांना ठाऊक आहे. सांगायचं तेव्हा हे सांगतील. तोवर जी तोंड उघडेल ती माझ्या टीममध्ये नाही.' आणि बसमध्ये तर काका... नीता उठत होती तुमच्याशी भांडायला! अक्कानं तिचा पदर धरून खाली बसवली."

ती बस गप्प का झाली होती, हे मला पाच वर्षांनी कळले.

"पुढं मीच एकदा विचारलं तिला," शारदा म्हणाली. "म्हटलं, अक्का, सांगितलं का गं त्यांनी? तर म्हणाली, 'स्वल्प थांब. सांगतील.'"

चंपा, तू वाट पाहत होतीस? चार वर्षे? रोज सकाळी चहाचा पेला माझ्यापुढे ठेवताना, 'आज कदाचित' असे तुझ्या मनात येत होते काय? मला वाटत होते की तू विसरलीस. मला वाटत होते की तू क्षमा करून मोकळी झालीस. तू तर माझ्यावर विश्वास ठेवून बसली होतीस! आठ बायकांना गप्प करून, त्यांच्या देखत माझी मान ताठ ठेवून, मी ती आपणहून खाली घालीन म्हणून थांबली होतीस. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या कोणत्याही गुरूने ठेवला नसेल. आणि तो मी तुझ्या हयातीत पुरा केला नाही.

"आता सगळ्यांना ठाऊकच आहे," शारदा उठताना म्हणाली, "तर कशाला बोलता ते? अक्काविषयी चांगले चार शब्द बोला, झालं."

नाही. त्यांना ठाऊक असणे ही एक गोष्ट. मी सांगणे ही दुसरी. पहिलीने तुझे काम झाले असते, तर तू त्या आठजणींनाच बोलू दिले असतेस.

तेव्हा हे तुला वचन. येत्या रविवारी मी मैदानावर उभा राहीन. खेळ संपल्यावर नव्हे, पहिली शिट्टी वाजण्यापूर्वी, आठही संघ रांगेत उभे असताना. हाती कागद घेणार नाही. अर्ज मी भरला, चूक माझी होती, आणि शिक्षा भोगली ती चंपाने, एवढे सांगेन. त्याला 'परंतु' जोडणार नाही. तुझे मोठेपण त्याच्या पुढे सांगेन, त्याच्या आड दडून नाही. पाच मिनिटे पुरतील. उरलीच, तर ती शारदेची.

तुझा,
श्रीधर